सगळ्याच गोळ्या झोपेच्या नसतात

आजचा भाग नेहमीपेक्षा जरा लांबणार आहे. आणि ऐकण्याऐवजी इथे वाचत असाल तर उत्तमच, कारण आज औषधांची नावं बरीच येणार आहेत, ती कानापेक्षा डोळ्याला सोपी पडतात.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलेला, हिंजवडीत कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण मी या गोळ्या घेतो. आणि त्या घेताना मी एक मोठी चूक केली, केवळ मला दोन गोळ्यांमधला फरक माहीत नव्हता म्हणून. दुसरी तसलीच चूक आमच्या घरात माझ्या मामांच्या बाबतीत झाली, ती तर जिवावर बेतणार होती. म्हणून आजचा हा विषय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रिलीजची रात्र होती, सव्वादोन वाजले असतील. कॉलवर असतानाच अचानक छातीत धडधडायला लागलं, हात मुंग्या आल्यासारखे, घशाशी काहीतरी अडकलंय, श्वास पुरत नाहीये. मला वाटलं, संपलं. हार्ट अटॅक. रूममेटने बाइकवर बसवून इमर्जन्सीला नेलं. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका" असं सांगून घरी पाठवलं. पुढच्या तीन आठवड्यांत असं अजून चार वेळा झालं. शेवटी एका सायकायट्रिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी तासभर ऐकून घेतलं, पॅनिक डिसऑर्डर म्हणून सांगितलं आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. सकाळी एसिटालोप्राम, रात्री क्लोनाझेपाम.

आईला फोनवर सांगितलं तर तिचं पहिलं वाक्य काय? "अरे, झोपेच्या गोळ्या दिल्यात का तुला? सवय लागते हो त्याची!" म्हणजे आमच्या घरात मनाच्या डॉक्टरने दिलेली कुठलीही गोळी ही झोपेची गोळी. आणि खरं सांगू का, माझीही समज फार वेगळी नव्हती.

आता माझी चूक ऐका. रात्रीची गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात मस्त शांत वाटायचं. सकाळची गोळी घेतली की? काहीच नाही. उलट पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड, आणि धडधड थोडी वाढल्यासारखीच. मी इंजिनिअर माणूस! बाराव्या दिवशी हिशोब केला. एक गोळी काम करते, दुसरी नुसताच त्रास देते. सकाळची बंद करून टाकली. रात्रीची चालू ठेवली.

नेमकी उलटी गोळी बंद केली होती मी. ती कशी, हे समजायला या औषधांची घराणी समजून घ्यावी लागतील. मोठी अशी चार आहेत.

पहिलं घराणं: अँटीडिप्रेसंट

माझी सकाळची गोळी या घराण्यातली. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही आज सगळ्यात जास्त दिली जाणारी शाखा, तिला एसएसआरआय म्हणतात. जुन्या शाखेत अॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन वगैरे.

या घराण्याची सुरुवात गमतीशीर आहे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये टीबीच्या पेशंटना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध देत होते. डॉक्टरांना दिसलं की पेशंट भलतेच उत्साही झालेत, भूक लागतेय, गप्पा मारतायत. पुढे १९५७ च्या सुमारास तेच औषध डिप्रेशनसाठी वापरायला लागले. म्हणजे टीबीचं औषध शोधताना मनाचं औषध हाती लागलं!

नाव अँटीडिप्रेसंट असलं तरी काम फक्त डिप्रेशनवर नाही. पॅनिक, सततची चिंता, ओसीडी, लोकांत जायची भीती, या सगळ्यांवर हीच औषधं देतात. त्यामुळे "मला डिप्रेशन नाही, मग डिप्रेशनची गोळी का दिली?" असं वाटलं तर घाबरू नका. नाव घराण्याचं आहे, आजाराचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही गोळी हळू चालते. मेंदूतल्या सेरोटोनिनवर तिचा परिणाम पहिल्या दिवसांतच सुरू होतो, पण मेंदूने त्याच्याशी जुळवून घ्यायला आठवडे लागतात. नीट फरक पडायला साधारण दोन ते सहा आठवडे. ओसीडीमध्ये तर दहा-बारा आठवडेही लागतात. आणि त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतो: मळमळ, डोकेदुखी, झोपेची गडबड, बेचैनी. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर. मी बाराव्या दिवशी बंद केली, म्हणजे त्रास सगळा भोगला आणि फायदा यायच्या आधीच उठून आलो.

या औषधांनी लैंगिक इच्छा कमी होणं, वेळ लागणं असंही बऱ्याच जणांना होतं. यावर कोणी बोलत नाही आणि मग गुपचूप गोळी सोडून देतात. अरे, डॉक्टरांना सांगा ना! डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. आणि पंचविशीच्या आतल्या मुलांसाठी एक खास सूचना: सुरुवातीच्या काही आठवड्यांत बेचैनी खूप वाढली, जीव द्यायचे विचार यायला लागले, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

या गोळ्यांची नशा होत नाही, डोस वाढवत न्यायची तलफही लागत नाही. पण महिनोन्‌महिने घेतल्यावर एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके येऊ शकतात. म्हणून बंद करतानाही हळूहळू, डॉक्टरांना विचारून. आणि बरं वाटलं म्हणून लगेच बंद नाही. बरं वाटल्यानंतरही सहसा निदान सहा महिने चालू ठेवतात, नाहीतर आजार परत येण्याची शक्यता वाढते.

दुसरं घराणं: बेंझोडायझेपिन

ही आईची "झोपेची गोळी". क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम. नावाच्या शेवटी "पाम" किंवा "लाम" दिसलं की बहुतेक वेळा हेच घराणं समजा. यातलं पहिलं औषध १९६० मध्ये बाजारात आलं, त्याच्या पाठोपाठ १९६३ मध्ये डायझेपाम आलं.

ही गोळी मेंदूचा ब्रेक दाबते. तासाभरात भीती कमी, अंग सैल, झोप. पॅनिकमध्ये, फिट येत असताना, दारू सोडताना अंगाला कंप सुटतो तेव्हा ती फार मोलाची आहे. पण ती आग विझवते, वायरिंग दुरुस्त करत नाही. सर्व्हर हँग झाला की आपण रीस्टार्ट मारतो ना, तसं. चालू होतो, पण बग तिथेच.

आणि हिला सवय लागते. आई याबाबतीत शंभर टक्के बरोबर होती. म्हणून ही बहुतेक वेळा दोन ते चार आठवड्यांपुरतीच देतात, पहिल्या गोळीचा असर सुरू होईपर्यंतचा पूल म्हणून. माझ्या मॅडमनी नेमकं हेच ठरवलं होतं. त्यांनी सांगितलंही असेल, पण पॅनिकमधल्या माणसाच्या डोक्यात किती शिरतं?

मी पूल धरून बसलो आणि पलीकडचा किनाराच तोडून टाकला. दीड महिन्याने काय स्थिती होती सांगतो. रात्रीची एक गोळी पुरेना, म्हणून दुपारी एक. मग मीटिंगच्या आधी एक. जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलवाला देत होता, मी घेत होतो. स्टँडअपमध्ये शब्द आठवायचे नाहीत. एकदा स्ट्रिप संपली, दीड दिवस गोळी मिळाली नाही, तर हात थरथरायला लागले, घाम, आणि पहिल्यापेक्षा भयंकर पॅनिक. तेव्हा घाबरून परत मॅडमकडे गेलो.

त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तुम्ही मला बंद करायच्या आधी एक फोन केला असता तर?" मग सकाळची गोळी परत सुरू, लहान डोसपासून. आणि रात्रीची जवळजवळ अडीच महिन्यांत पाव-पाव करत कमी. एकदम नाही! ही गोळी बरेच दिवस घेऊन अचानक थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते. आणि दारूबरोबर तर कधीच नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, त्यात माणूस जाऊ शकतो.

तिसरं घराणं: मूड स्टॅबिलायझर

आता मामा. माझे थोरले मामा कराडजवळ शेती करतात. त्यांना बायपोलर आहे. तरुणपणी एकदा त्यांनी आठ दिवस झोप घेतली नव्हती, पहाटे तीनला विहिरीचं काम काढलं होतं आणि उसाचं आलेलं बिल दोन दिवसांत गावात वाटून टाकलं होतं. त्यानंतर सहा महिने खोलीतून बाहेर नाहीत. असा हा आजार: एकदा खूप वर, एकदा खूप खाली. गेली वीस वर्षं ते लिथियमवर आहेत आणि त्या वीस वर्षांत त्यांनी दोन मुलींची लग्नं केली, घर बांधलं.

लिथियम म्हणजे एक साधा क्षार. हो, आपल्या फोनच्या बॅटरीतलाच तो लिथियम. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी उन्मादाच्या पेशंटना तो देऊन बघितला. आज पंच्याहत्तर वर्षांनंतरही बायपोलरमध्ये तो पहिल्या फळीतला आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या औषधांत त्याचं नाव वर आहे. याच घराण्यात सोडियम व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन येतात. ही तिन्ही खरं तर फिटची औषधं.

पण लिथियमची रेघ फार बारीक आहे. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या आसपास ठेवतात. त्याखाली गेली तर उपयोग नाही, दीडच्या वर गेली तर विषबाधा. म्हणून रक्ताची पातळी, किडनी आणि थायरॉइड ठरावीक काळाने तपासावी लागते.

मागच्या मे महिन्यात मामांचा गुडघा दुखायला लागला. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, सहा दिवस घेतल्या. त्यात ऊन, रानात पाणी पाजणं, आणि दोन दिवस जुलाब. सातव्या दिवशी हात जोरात थरथरायला लागले, बोलणं जड, चालताना तोल जायला लागला. गावात बोलणं सुरू झालं, मामा प्यायला लागले म्हणून. ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नाही त्याच्याबद्दल! मामींनी ताक पाजून झोपवून ठेवलं. आईने फोन करून मला सांगितलं तेव्हा मला फक्त एवढंच आठवलं की लिथियम आणि पाणी यांचा काहीतरी संबंध आहे. आम्ही त्यांना तसंच शहरात नेलं. लिथियमची पातळी १.९. पाच दिवस अॅडमिट होते.

झालं काय होतं? लिथियम शरीरातून बाहेर पडतं ते किडनीतून. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्यासोबत लिथियमही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्यांनी तेच होतं, बीपीच्याही काही गोळ्यांनी होतं. मेडिकलवाल्याला लिथियमचं माहीत नव्हतं, कारण मामांनी सांगितलं नव्हतं. आणि मामांनी सांगितलं नाही, कारण "डोक्याची गोळी" चालू आहे हे चारचौघांत सांगायची लाज. लाजेने माणूस मरतो तो असा.

या घराण्याबद्दल अजून दोन गोष्टी. एक, बायपोलर असताना नुसतं अँटीडिप्रेसंट दिलं तर माणूस उलट उन्मादात जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर विचारतात, "कधी खूप जास्त उत्साह, कमी झोप, उधळपट्टी असं झालं होतं का?" खरं उत्तर द्या. दोन, व्हॅल्प्रोएटमुळे गर्भाला गंभीर इजा होऊ शकते. मूल होण्याच्या वयातल्या मुलींनी, बायकांनी हे डॉक्टरांशी आधीच बोलायला हवं. पण चालू असेल तर स्वतःहून थांबवायची नाही.

चौथं घराणं: अँटीसायकोटिक

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अॅरिपिप्राझोल. कानात आवाज येणं, कोणीतरी पाळत ठेवतंय असा पक्का संशय, वास्तवाशी नातं तुटणं, म्हणजे स्किझोफ्रेनिया किंवा सायकोसिस, यात ही औषधं देतात. बायपोलरच्या उन्मादातही.

इथे आपल्या देशाचाही एक धागा आहे. सर्पगंधा! १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग होतो असा लेख प्रसिद्ध केला. त्याच मुळीतून १९५२ मध्ये रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि काही वर्षं ते जगभर वापरलं गेलं. त्याच १९५२ मध्ये पॅरिसला डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं, आणि वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं बोलायला लागली. या घराण्याचा मूळपुरुष तोच.

माझ्या हॉस्टेलमधल्या एका मित्राला तिसऱ्या वर्षी वाटायला लागलं की आम्ही सगळे त्याचं बोलणं रेकॉर्ड करतोय. घरच्यांनी आठ महिने देवऋषी, अंगारे-धुपारे केले. औषध सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत आवाज कमी झाले. आज तो नोकरी करतो. रोजची गोळी विसरतो म्हणून महिन्यातून एकदा इंजेक्शन घेतो, तीही सोय असते. पण ते आठ महिने त्याला परत कोण देणार?

साइड इफेक्ट इथेही आहेत. जुन्या औषधांनी अंग ताठरतं, हात कापतात. नव्यांपैकी काहींनी, विशेषतः ओलान्झापिनने, वजन आणि शुगर वाढते. म्हणून वजनकाटा आणि रक्ततपासणी हवी. बाकी औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन आहे, सगळ्यात प्रभावी. पण त्याने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासतात. तपासणीला कंटाळू नका, त्या तपासणीमुळेच ते औषध देता येतं.

आणि यातलंच क्वेटियापिन किंवा अॅरिपिप्राझोल थोड्या डोसमध्ये हट्टी डिप्रेशनमध्येही जोड म्हणून देतात. गूगलवर "स्किझोफ्रेनियाचं औषध" वाचून हादरू नका, आधी विचारा.

याशिवाय छोटी घराणी आहेत. एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट, अॅटोमॉक्सेटिन. डिमेन्शियात डोनेपेझिल, मेमँटिन. दारू सोडायला नाल्ट्रेक्सोन, डायसल्फिराम. त्यांच्यावर पुन्हा कधीतरी.

तर मग करायचं काय? चिठ्ठी हातात आली की खुर्चीतून उठायच्या आधी हे पाच प्रश्न विचारायचे. फोनच्या नोट्समध्ये आत्ताच लिहून घ्या.

१. या गोळीचं मूळ नाव काय आणि ती कुठल्या घराण्यातली?
२. असर दिसायला किती दिवस लागतील, आणि त्याआधी काय त्रास होऊ शकतो?
३. साधारण किती महिने घ्यायची, आणि बंद कशी करायची?
४. कुठली तपासणी, कधी?
५. हिच्यासोबत काय घ्यायचं नाही?

ब्रँडचं नाव पाठ करू नका, स्ट्रिपवरचं मूळ नाव पाठ करा. जनऔषधी केंद्रात त्याच मूळ नावाची गोळी बऱ्याचदा खूप स्वस्त मिळते. आणि गोळी म्हणजे सगळं नाही. माझ्या बाबतीत गोळीइतकाच उपयोग थेरपीचा झाला. धडधड झाली म्हणजे मरत नाही, हे तिथे शिकलो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायला हवं. तुमची पॉलिसी उघडून बघा. आणि आत्ता कोणाला खूपच जड जात असेल, तर टेलिमानसचा नंबर १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

मामा आता पाकिटात आधार कार्डामागे एक चिठ्ठी ठेवतात. माझ्याच अक्षरात आहे: "मी लिथियम घेतो. मला विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी देऊ नये." मेडिकलमध्ये गेले की आधी ती काउंटरवर ठेवतात, मग बोलतात.

आणि आई? तिचा परवा फोन आला होता. "ती रात्रीची सुटली ना रे?" म्हटलं, सुटली. "आणि सकाळची?" म्हटलं, चालू आहे. एवढ्यात थांबवायची नाही असं मॅडम म्हणाल्यात. तर म्हणते, "मग घेतलीस का आज?"

नव्हती घेतली. कॉलवर कॉल चालू ठेवून उठलो आणि घेतली.

तुमच्या घरातली कुठली गोळी अशी नुसती "झोपेची" म्हणून पडून आहे, ते आज बघा. तिच्यामागचं नाव वाचा. काही विचारायचं असेल तर लिहा, पण डोस मला विचारू नका हं, तो डॉक्टरांनाच. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!